सुटली म्हण

आमच्या घरात एक आवाज होता. त्याची मला इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे. मी बोलण्याच्या ओघात ‘आईशप्पथ’ म्हणालो की आतून आई म्हणायची, ‘सुटली.’ मोठ्याने नाही. लसूण सोलता सोलता, टीव्हीवरच्या मालिकेवरून नजर न हलवता. मी तोवर पुढच्या वाक्यावर गेलेलो असायचो. ती माझी मागची शपथ सोडवत असायची.

लहानपणी हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. शपथ घातली की ती अंगावर राहते, आणि ‘सुटली’ म्हटलं की माणूस मोकळा. चाळीच्या गॅलरीत आम्ही पोरं त्यासाठी एकमेकांच्या मागे धावायचो, ‘ए, सुटली म्हण ना रे, सुटली म्हण.’ मिसरूड फुटल्यावर हे मागे पडतं. आईचं पडलं नाही. ती लग्न होऊन सिंधुदुर्गातून घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीत आली. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग वडील गेले, चाळीच्या जागी बिल्डिंग उभी राहिली आणि आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळालं. या सगळ्यात तिने गावाहून आणलेल्या वस्तू एकेक करून संपल्या. हे तेवढं राहिलं. देवळात नारळावर हात ठेवून खोटं बोललेल्या माणसांच्या गोष्टी ती सांगायची, आणि त्या माणसांची घरं कुठल्या वाडीत होती तेही सांगायची. आईशप्पथ खोटी निघाली की आई मरते, ही तिच्या लेखी श्रद्धा वगैरे नव्हती. विस्तवाला हात लावला की भाजतं, तसं ते होतं.

मी सहावी-सातवीत असताना डोंगरामागच्या खदानीत साचलेल्या पाण्यात पोहायला जायचो. तिथे जायला सक्त मनाई होती. एकदा घरी आलो तर आई दारातच.

‘खय गेल्लंस?’

‘ग्राउंडवर.’

‘खदानीत?’

‘नाय गं. आईशप्पथ नाय.’

केसांतलं पाणी मानेवर ओघळत होतं. वाटलं, आता बसणार. तिने माझ्याकडे पाहिलं, आधी ‘सुटली’ म्हणाली, आणि मग पंचा आणून माझं डोकं इतकं खसाखसा पुसलं की कान लाल झाले. खोटं पकडण्यापेक्षा ते सोडवण्याची तिला घाई होती. मार बसला नाही. मी त्यातून एवढंच शिकलो, की आईशप्पथ म्हटलं की मार बसत नाही.

पुढे हा शब्द माझ्या नोकरीचाच भाग झाला. मरोळला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. डिस्पॅच म्हणजे निम्मा वेळ माल पाठवायचा आणि निम्मा वेळ तो पाठवला असं फोनवर सांगायचं. ‘आईशप्पथ शेठ, गाडी आत्ता गेटबाहेर पडली.’ गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी असायची, ड्रायव्हर टपरीवर, माल अजून बांधायचा. शेठ विचारायचा, ‘पक्का?’ मी म्हणायचो, ‘आईशप्पथ, पक्का.’ तो समाधानाने फोन ठेवायचा. आपण फसवतोय असं मला वाटायचं नाही, आणि आपण फसतोय असं बहुधा त्यालाही नाही. राम राम घालावा तसं ते झालं होतं. रविवारी घरी फोन आला तरी मी हेच बोलायचो, आणि आतून ‘सुटली’ यायचं. एका फोनमध्ये तीनदा बोललो तर तीनदा.

एकदा वैतागून मी म्हणालो, ‘अगं, किती वेळा म्हणशील? त्याला आता काही अर्थ राहिलेला नाही. बोलायची पद्धत आहे ती. मॅचमध्ये सिक्स बसली तरी लोक आईशप्पथ म्हणतात.’

‘लोकांच्या आवशी बघतीत लोकांचा,’ ती म्हणाली.

‘पण सारखं सारखं बोललं की शब्दातला जोर जातो गं. कुणालाच काही वाटत नाही मग.’

‘तुका वाटत नाय,’ ती म्हणाली. ‘माका वाटता.’

मी हसून विषय संपवला. तिच्याशी वाद घालण्यात मजा नव्हती, कारण ती जिंकायचा प्रयत्नच करत नसे.

मग माझी मुलगी मोठी झाली आणि तिच्याही तोंडात हा शब्द बसला. तिच्या तोंडून निघाला की तो माझ्या बायकोच्या जिवावर. कॉलेजात गेल्यावर तर दर वाक्याला. ‘आईशप्पथ, कसला भारी ड्रेस होता.’ ‘आईशप्पथ, सरांनी वाट लावली.’ आई सुनेकडे बघायची.

‘गो, सुटली म्हण.’

‘अहो आई, हिच्या दिवसाला पन्नास होतात. मी सुटली म्हणत बसू की डबे भरू?’

‘डबे भरताना म्हण. हात अडाकतत, तोंड खय अडाकता?’

मुलगी म्हणायची, ‘चिल, आजी. मम्मीला काही होत नाही. बघ ना, कशी ठणठणीत आहे.’

‘ठणठणीत आसा, कारण तिच्या वाटचा मी म्हणतंय.’

आम्ही तिघंही हसायचो. घरात तो एक विनोद होऊन गेला होता. पाहुणे आले की बायको मुद्दाम मला बोलतं करायची, मी आईशप्पथ म्हणायचो, आतून ‘सुटली’ यायचं, आणि पाहुण्यांना हसू आवरत नसे. आईलाही राग यायचा नाही. ती आपलं काम करत होती.

आमच्या समोरच्या दारात एक काकू राहायच्या, आईच्या बरोबरीच्या. दोघी संध्याकाळी जिन्यापाशी खुर्च्या टाकून बसायच्या. त्या काकूंना न्यूमोनिया झाला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. आई हट्टाने भेटायला गेली. परत आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, ‘तिचे हात बांदलेले.’

मी समजावलं. नळ्या असतात, पेशंट गुंगीत त्या ओढून काढतात, म्हणून मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधतात. मऊ बँडेज असतं. दुखत नाही.

‘नाक खाजवूक बघी होती,’ आई म्हणाली. ‘हात येय नाय. माज्याकडे बघी होती.’

मग ती म्हणाली, ‘माजे हात बांदूक दिव नको. मरूचा आसला तर घराकडेच मरान.’

‘नाही बांधू देणार. आईशप्पथ.’

‘ही नको. ही तू रिक्षावाल्याक पण दितंस.’

मला हसू आलं. ‘बरं, देवाशप्पथ.’

‘ती तू त्या इन्शुरन्सवाल्याक दिलंस. फोन कट करूक.’

‘मग गळ्याशप्पथ.’

‘ती चेडवाक. सायकल आणतंय म्हणान.’

मुलीला सायकल मी खरंच आणली नव्हती. आईच्या ते लक्षात होतं. तिच्या सगळंच लक्षात होतं. कुठली शपथ कधी, कुणाला, कशासाठी. मी विचार करत राहिलो की आणखी कुठली उरलीय, आणि ती माझं तोंड बघत होती. आधी तीही हसत होती. मग म्हणाली, ‘तुज्याकडे कायच रवला नाय रे, झिला.’

तिने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. केस फार विरळ झाले होते. तळहाताला टाळूची ऊब लागली, खोबरेल तेल लागलं. ‘आता सांग,’ ती म्हणाली. ‘सवकाश सांग.’

मी म्हणालो, ‘आईची शपथ. तुझे हात बांधू देणार नाही.’ शब्द वेगळे करून म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यात ‘आई’ ऐकू आलं, आणि ती समोरच बसली होती.

मग मी थांबलो. खरं तर कान थांबले. आता ‘सुटली’ यायला हवं होतं. आलं नाही. तिने माझा हात डोक्यावरून खाली घेतला, थोपटला आणि म्हणाली, ‘चाय टाक.’

पुढच्या थंडीत ती आजारी पडली. दोन दिवस ताप, तिसऱ्या सकाळी धाप. ओठ काळेनिळे पडले. बायकोने आणि मी तिला खाली आणलं, रिक्षात घातलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. घरीच राहू द्यायचं, हे तेव्हा मनात आलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. आलं होतं. लिफ्टमध्येच आलं होतं. पण ती श्वासासाठी तोंड उघडत होती, आणि तसं बघत बसणं माझ्याच्याने झालं नसतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. शांतपणे बोलली. ‘फुप्फुसं फार खराब आहेत. मशीनवर घेतलं तर प्रयत्न करता येईल. वय बघता मी खात्री देत नाही. नाही घेतलं तर आज-उद्याच.’ मग तिने विचारलं, ‘आजी याआधी कधी काही बोलल्या होत्या का? अशा वेळी काय करावं, काय करू नये?’

प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर माझ्याकडे होतं.

बोरिवलीहून माझी धाकटी बहीण तोवर पोचली होती. बायको खाली औषधांच्या दुकानात गेली होती. मी बहिणीकडे वळून म्हणालो, ‘मी आईला शपथ दिलीय. हात बांधू देणार नाही अशी.’

ती रडत होती. रडता रडताच म्हणाली, ‘तू कुणाला नाही दिलीस रे, दादा?’

तिला टोमणा मारायचा नव्हता. मला ओळखणारं कुणीही हेच बोललं असतं. ‘आईशप्पथ म्हणाला असशील,’ ती म्हणाली, ‘ते आत्ता काय काढून बसतोस? मशीन लावायला सांग त्यांना.’

ही वेगळी होती, हे मी सांगू शकलो असतो. डोक्यावर हात ठेवून दिलेली होती, तिने ती सोडवली नव्हती. एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? बहिणीने मानलं असतं. ती आईचीच मुलगी आहे, ‘सुटली’ तिनेही लहानपणापासून ऐकलंय. डॉक्टर माझ्याकडे बघत थांबली होती. मी काहीच बोललो नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही ते आता सांगतो. बहिणीने माझं तोंड बंद केलं नाही. ती तसं म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आई जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ती गेलीच तर माझ्या ‘नको’मुळे जाऊ नये असंही वाटत होतं. दुसरं जास्त वाटत होतं. माझ्या शपथेला काही किंमत नाही हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. ते बहिणीने म्हटलं, आणि मी त्याच्या आड उभा राहिलो.

डॉक्टरला म्हणालो, ‘नाही. तसं काही बोलली नव्हती.’

हे खोटं मी शपथेशिवाय बोललो. तिने लगेच विश्वास ठेवला.

दुपारी मला एकट्याला आत सोडलं. दोन्ही मनगटांना पांढरी बँडेजं होती, त्यांची टोकं कठड्याला गाठ मारून बांधलेली. मऊच होती. आई जागी होती. तोंडात नळी, ती हलू नये म्हणून गालांवर पट्ट्या. तिने मला ओळखलं, मग हातांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, ‘आई, सुटली म्हण.’

हे मी तिच्याकडे मागितलं. तोंडात नळी असलेल्या बाईकडे. तेव्हाही मला मोकळं व्हायचं होतं. बँडेज सोडावं, निदान थोडं सैल करायला सांगावं, हे सुचलं नाही.

तिचा उजवा हात वर उचलला गेला, गाठीपर्यंत आला, अडकला, आणि पुन्हा चादरीवर पडला. तिला काय करायचं होतं ते मला माहीत नाही. नाक खाजवायचं असेल, नळी काढायची असेल. माझ्या डोक्यावर हात ठेवायचा होता, अशी मी पुढे स्वतःची समजूत घालून पाहिली. ती टिकत नाही.

‘आजींना बोलता नाही येणार, काका,’ मागून सिस्टर म्हणाली. ‘उगाच त्रास नका देऊ.’

आई त्यानंतर काही दिवस होती. मी रोज जात होतो. पुन्हा ते मागितलं नाही आणि बँडेजाबद्दलही बोललो नाही. एकदा गाठ सोडायला सांगितली तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता. ती गेल्यावर सिस्टरने बँडेजं कापली. मनगटांवर वळ होते. बहीण आत येत होती म्हणून मी चादर वर ओढून ते झाकले.

नंतर लोक आले. सगळे म्हणाले, तू सगळं केलंस. बिल्डिंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी मातृप्रेम असा शब्द वापरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही. बहीण अजूनही फोनवर म्हणते, ‘आईशप्पथ, दादा, आपण काहीही कमी केलं नाही.’ तिच्या तोंडून ते ऐकलं की मी फोन कानाशी धरून वाट बघतो. आतून काही येत नाही. आणि तसं पाहिलं तर आता ती शपथ कुणाला बाधणार? जिच्या जिवावर होती तीच नाही.

जोराचा शब्द सैल वापरला की त्यातला जोर जातो, असं मीच तिला शिकवायला गेलो होतो. जोर गेला होता तो माझ्या तोंडातून. तिच्या कानाशी पोचेपर्यंत तो पहिल्याइतकाच असायचा. ती प्रत्येक शपथ झेलून खाली ठेवत होती, आवाज न करता, म्हणून मला वाटत राहिलं की त्यांना वजनच नाही. एकच तिने झेलली नाही. ती माझ्याकडे ठेवली, कारण ती मी पाळणार होतो.

तिला वाचवायला मशीन लावलं आणि त्यानेच शपथ मोडली. मोडली की आई मरते. डॉक्टरने फुप्फुसांचं सांगितलं होतं आणि ते खरं होतं, हे मला कळतं. कळून काही होत नाही.

कारखान्यात मी आता आईशप्पथ म्हणत नाही. त्याने काही सुधारलं असं नाही. मध्यंतरी त्याच शेठचा फोन आला. ‘गाडी निघाली?’

‘नाही, शेठ. उभी आहे. संध्याकाळी निघेल.’

‘काय झालं रे तुला? काय लपवतोयस?’

‘काही नाही. गाडी उभी आहे.’

‘आईशप्पथ?’

‘उभी आहे, शेठ.’

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने आमच्या मालकांना फोन करून कारखान्यात काही लफडं आहे का असं विचारलं. मालकांनी मला बोलावून सांगितलं, ‘अरे, नेहमीसारखं बोलत जा ना. लोक घाबरतात.’ तेव्हापासून मी ‘बघतो’ म्हणतो. ‘बघतो’ सगळ्यांना चालतं.

गेल्या रविवारी मुलगी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. ‘आईशप्पथ, निघालेच आहे मी, रिक्षात बसतेय.’ ती डोक्याला टॉवेल गुंडाळून हॉलमध्ये उभी होती, केसांतलं पाणी गाऊनवर ठिबकत होतं. मी पेपर वाचत होतो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘सुटली.’

मोठ्याने नाही. मुलीला ऐकू गेलं नाही, ती पुढच्या वाक्यावर गेली होती. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बायको पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती. हे तिने कधी सुरू केलं मला माहीत नाही. कदाचित बरेच दिवस चालू असेल आणि मलाच ऐकू येत नसेल.

आई हिच्या वाटचं म्हणायची. तशी ही आईच्या वाटचं म्हणू शकेल का, असं मनात आलं. एवढं एकच, माझं राहिलेलं. पण म्हण म्हणालो तर ती विचारणार, कसली शपथ? आणि मग हॉस्पिटलातली ती दुपार सांगावी लागणार, डॉक्टरचा प्रश्न सांगावा लागणार, माझं उत्तर सांगावं लागणार. ती तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. तिला वाटतं, आई कधी काही बोललीच नव्हती.

‘काय हवंय?’ तिने मागे न बघता विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो.